भाच्याचा खून झाला, ताईच्या घराला कसं सावरू?

जुईली

हे कुठे लिहावं कळत नव्हतं. ओळखीच्या माणसांपुढे विषय काढला की "नक्की झालं काय होतं?" हाच प्रश्न आधी येतो आणि माझी वाचाच बसते. म्हणून इथे लिहितेय.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गेल्या वर्षी गेला. आजारपण नाही, अपघात नाही. दोन मुलांचं भांडण सोडवायला मध्ये पडला आणि त्यातल्या एकाने त्याच्यावरच वार केला. १९ वर्षांचा होता. ज्याने मारलं तो पकडला गेलाय, खटला अजून उभा राहायचाय.

ताई दिवसचे दिवस त्याच्या खोलीत बसून असते. त्याचा फोन रोज चार्जिंगला लावते. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, फोन उघडत नाही, पण ती बॅटरी उतरू देत नाही. भावोजींचं अगदी उलट. वकील, फायली, झेरॉक्सचे गठ्ठे, तारखा. घरात आले की तेवढंच बोलतात. ताईला वाटतं याच्या काळजाला काही लागलेलंच नाही. त्यांना वाटतं हिला पोराला न्याय मिळवून देण्याचं काही पडलेलं नाही. आणि भाची, १२ वर्षांची, इतकी शहाण्यासारखी वागते की बघवत नाही. अभ्यास वेळेवर, घर आवरलेलं, आईच्या हातात पाण्याचा ग्लास. मला तिचीच जास्त धास्ती वाटते.

सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. आता कुणी फिरकत नाही, आणि फिरकलं तरी त्याचं नाव टाळतात. एका बाईंनी तर ताईच्या तोंडावर विचारलं, "एवढ्या रात्री तो तिथे गेलाच कशाला?" तेव्हापासून ताई दार उघडत नाही.

ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय किंवा ज्यांनी अशा घरांबरोबर काम केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. मी काय करू आणि काय करू नको?

पाऊलवाट

जुईली, वाचून हात थरथरले. अनुभव नाही, त्यामुळे शहाणपण शिकवत नाही. एकच सांगते, ते प्रश्न विचारणारे लोक तूच दारात अडव. बहिणीला उत्तरं द्यायला लावू नकोस. "तो भांडण सोडवायला गेला होता" एवढं ठामपणे सांग आणि विषय तिथेच तोड.

आभाळ

मी या वाटेवरून गेलेला बाप आहे. आमची मुलगी कशी गेली ते लिहीत नाही. ती कशी होती ते लिहितो. पुस्तक वाचताना पायाचा अंगठा हलवत राहायची. खोटं बोलली की हसू आवरायचं नाही तिला. तिचं नाव आमच्या घरात रोज घेतलं जातं, पण ते सहज झालेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांना जपायचं म्हणून तिच्याबद्दल बोलायचोच नाही, आणि त्या जपण्यातच एकमेकांपासून तुटत चाललो होतो.

जुईली, तुमचे भावोजी काय करताहेत ते मला आतून कळतं. मीही तेच केलं. फायलीत काहीतरी करता येतं. अर्ज देता येतो, पाठपुरावा करता येतो, कुणावर तरी चिडता येतं. तिच्या कपाटापुढे उभं राहिलं की करण्यासारखं काहीच उरत नाही. त्यांना काळीज नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका. ते त्या खोलीत पाऊल टाकायला घाबरतात.

आजाराने मूल जाणं आणि कुणीतरी मारल्याने जाणं यात फरक काय, असं मला एका मित्राने प्रामाणिकपणे विचारलं होतं. दुःखाची तुलना मी करत नाही. पण आमच्या बाबतीत ते दुःख आमचं एकट्याचं राहिलंच नाही. शवविच्छेदन होईपर्यंत तिला हात लावता आला नाही. बातमीत तिचा जो फोटो छापला तो आम्ही दिलेला नव्हता. तिच्याबद्दल कोर्टात अनोळखी माणसं बोलत होती, आणि आरोपीचा वकील तर तिच्या वागण्यावरच बोलत होता. तो गप्प ऐकून घ्यायचा प्रकार मला सगळ्यात जड गेला.

आणि मुद्देमाल. लाखेचं सील असलेलं पाकीट समोर फोडलं आणि त्यातून तिचं घड्याळ निघालं. मनगट बारीक, म्हणून त्या पट्ट्याला मीच जादा भोक पाडून दिलं होतं, सुई तापवून, जरा वाकडं पडलं होतं. ते वाकडं भोक मला बाकावरून दिसलं. आज ते घड्याळ दाखवणार आहेत हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. समाधान वाटलं, नाही म्हणत नाही. पण निकालापर्यंत धावताना आम्ही मनाला सांगत आलो होतो की एकदा हे पार पडलं की जरा श्वास घेता येईल. झालं भलतंच. निकालानंतर मी पहिल्यांदा खरा कोसळलो, कारण धावायला काही उरलं नव्हतं. भावोजींवर त्या दिवसानंतर जास्त लक्ष ठेवा.

मनस्विनी

मी समुपदेशक आहे आणि हिंसेत माणूस गमावलेल्या कुटुंबांबरोबर काम केलं आहे. आभाळ यांनी जे लिहिलंय त्यापुढे माझं पुस्तकी ज्ञान फिकं आहे, तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताई आणि भावोजी. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये असं मांडलं की शोकात माणूस सतत ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसापाशी, आठवणींपाशी, आणि कधी समोर पडलेल्या कामांपाशी. ही ये-जा चालू असणं चांगलं. अडचण होते ती एकाच टोकाला अडकून पडलं की. तुमच्या घरात दोघं दोन टोकांना अडकलेत. त्यामुळे ताईला "खोलीतून बाहेर ये" आणि भावोजींना "फायली बाजूला ठेवा" असं म्हणून काही साधणार नाही. भावोजींना काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत थोडा वेळ बसवा, तुम्ही सोबत बसा. ताईला फायलीतलं एखादं छोटं काम द्या, तारखांची नोंद ठेवण्यासारखं. दोघांना एकमेकांच्या मुलखात पाय ठेवू द्या.

फोन चार्ज करण्याबद्दल काळजी करू नका. गेलेल्याला "सोडून दिल्याशिवाय" शोक पूर्ण होत नाही असं पूर्वी शिकवलं जायचं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी हा समज खोडून काढला. आईवडील मुलाशी असलेलं नातं तोडत नाहीत, ते नातं वेगळ्या रूपात चालू ठेवतात आणि त्याचा त्यांना आधार होतो. तो फोन काढून घ्यायचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात हेही कुणीतरी ऐकवेलच. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मूल गमावलेल्या आईवडिलांवरून नाही. ताईला अजून "स्वीकार" का येत नाही, असं मोजू नका.

हिंसक मृत्यूत आणखी एक गोष्ट असते. घरचे तिथे हजर नसतात, तरी तो क्षण डोक्यात पुन्हा पुन्हा घडत राहतो. त्याला भीती वाटली असेल का, त्याने हाक मारली असेल का. सिअ‍ॅटलचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड रायनिअरसन यांनी यावर बरंच काम केलं. त्यांच्या पद्धतीत मृत्यूच्या कहाणीला हात घालण्याआधी त्या माणसाचं जगणं सांगायला लावतात. तो कसा होता, कशावर हसायचा, कशावर भांडायचा. मनाला तेवढा आधार मिळाला की मग त्या शेवटच्या क्षणाकडे वळायचं. आभाळ यांनी प्रतिसादाची सुरुवात अंगठा हलवण्यापासून केली, ती वाचून मी थांबले होते.

शुभंकर

माझं म्हणणं कदाचित पटणार नाही, पण मनापासून लिहितो. जोवर त्या मुलाबद्दल मनात राग आहे तोवर ताई-भावोजी मोकळे होणार नाहीत. त्यालाही आई आहे. त्याला क्षमा केली तर त्यांचंच मन हलकं होईल. कुणीतरी हे त्यांना सांगायला हवं.

आभाळ

शुभंकर, तुमचा हेतू वाईट नाही हे धरून चालतो. पण हे वाक्य मला तिच्या जाण्यानंतर काही आठवड्यांत ऐकवलं गेलं होतं आणि ते ऐकवणाऱ्या माणसाच्या घरी मी पुन्हा गेलो नाही. क्षमा करायची की नाही हे ज्याचं मूल गेलं त्याने ठरवायचं, आणि नाही ठरवलं तरी चालतं. आम्ही केलेली नाही. तरी आम्ही जगतो, हसतो, आमच्या घरी माणसं येतात.

रेवती

शुभंकर यांना वाटतं तसं घडल्याची उदाहरणं आहेत, पण ती नीट बघायला हवीत. १९९५ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये अझीम खमिसा यांच्या २० वर्षांच्या मुलाला १४ वर्षांच्या मुलाने गोळी घातली. खमिसा त्या मुलाच्या आजोबांना जाऊन भेटले आणि दोघं मिळून शाळांमधून मुलांशी हिंसेबद्दल बोलू लागले. पुढे त्यांनी त्या मुलाच्या सुटकेलाही पाठिंबा दिला. मोठीच गोष्ट आहे. पण हा मार्ग त्यांनी स्वतः शोधला, कुणी त्यांच्या गळ्यात मारला नव्हता.

आणि दुसरं उदाहरण लंडनच्या लॉरेन्स कुटुंबाचं. स्टीफन १८ वर्षांचा, बसची वाट बघत होता, २२ एप्रिल १९९३ ला वर्णद्वेषातून त्याचा खून झाला. तपासाची इतकी हेळसांड झाली की १९९९ च्या चौकशी अहवालाने पोलिसांवर संस्थात्मक वर्णद्वेषाचा ठपका ठेवला. दोघांना शिक्षा झाली ती थेट २०१२ मध्ये. स्टीफनच्या वडिलांनी २०१८ मध्ये आपण मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. आईने केली नाही, ज्यांनी गुन्हा कबूलही केलेला नाही त्यांना क्षमा कसली, ही तिची तेव्हाची भूमिका होती. एकाच मुलाचे आईवडील. दोघांपैकी कुणाचं चुकलं असं मी तरी म्हणू शकत नाही.

शुभंकर

रेवती, आभाळ, समजलं. सल्ला मागे घेतो. आभाळ, तुम्हाला लागलं असेल तर मनापासून दिलगीर आहे.

धाकटी

मी सहसा लिहीत नाही. पण जुईलीताई, मी तुमच्या भाचीच्या जागी होते. माझा दादा असाच गेला तेव्हा मी तिच्याएवढीच होते.

घरी येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा, "आता आईबाबांना तूच सांभाळायचंस." मी सांभाळलं. रडायचं असेल तर नळ सोडून रडायचे. परीक्षेत नंबर आणला की आईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलायचं, म्हणून नंबर आणत राहिले. माझ्याबद्दल सगळे म्हणायचे, पोरगी किती समजूतदार आहे. मला कुणी विचारलंच नाही की तुझा दादा गेला, तुला कसं वाटतंय.

दादाशी आदल्या दिवशी माझं भांडण झालं होतं. रिमोटवरून. "तू मला नकोच आहेस" असं म्हणाले होते. हे मी मोठी होऊन एका समुपदेशकाला सांगेपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. तिच्याही मनात असं काहीतरी असू शकतं. तिने आपणहून सांगावं म्हणून वाट बघू नका, फक्त तिच्यासाठी वेळ काढा. ताईची चौकशी करायला म्हणून नाही, तिच्यासाठी म्हणून. बाहेर घेऊन जा. आणि ती खदखदून हसली तर हसू द्या, कारण पहिल्यांदा मोठ्याने हसले तेव्हा आजीने माझ्याकडे असं बघितलं होतं की पुढे कित्येक महिने मी हसलेच नाही.

कोर्टाबद्दलही तिला खरं सांगा. मला काहीच सांगत नसत आणि शाळेत मुली सगळं वाचून आलेल्या असत. त्यांच्याकडून ऐकणं फार वाईट होतं.

मनस्विनी

धाकटी, तुम्ही हे लिहिलंत यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. जुईली, १२ व्या वर्षी मुलांना मरण म्हणजे काय हे मोठ्यांइतकंच कळतं. त्यांना गाळून गाळून दिलेली माहिती पुरत नाही, उरलेलं ती मनाने भरून काढतात आणि ते खऱ्याहून भयंकर असतं. घरात याहून लहान मूल असेल तर शब्द साधे ठेवा, पण "झोपलाय" किंवा "लांब गेलाय" म्हणू नका. लहान मुलं झोपायलाच घाबरतात, नाहीतर वाट बघत राहतात.

जुईली

धाकटी, तुझा प्रतिसाद वाचून मी सरळ भाचीकडे गेले. शनिवारी दोघीच बाहेर जायचं ठरवलंय. तिने आधी "आईला कोण बघेल?" असंच विचारलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताईला रात्र रात्र झोप नाही. शेजारच्या कुणीतरी झोपेच्या गोळ्या आणून दिल्या आहेत, त्या ती घेते. आणि परवा म्हणाली, "मला त्याच्याकडे जायचंय." मी घाबरले आणि विषयच बदलला. आणखी एक, असं झालं की नवरा-बायको वेगळे होतात असं भावोजींच्या भावाने ऐकवलंय. खरं आहे का?

मनस्विनी

ताई जे म्हणाली ते आधी, कारण ते थांबू शकत नाही. मूल गेलेल्या बऱ्याच आया असं म्हणतात आणि पुष्कळदा त्याचा अर्थ "मला तो हवाय" एवढाच असतो. पण अंदाज बांधत बसायचं नाही, विचारायचं. आजच, जवळ बसून, सरळ शब्दांत: "ताई, जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर कसं, कधी, काही ठरवलंय का हेही विचारा, तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. काही ठरवलंय असं कळलं तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.

आणि त्या गोळ्या आत्ताच तिथून हलवा. न विचारता आणलेल्या गोळ्यांचा साठा अशा घरात असू नये. पण ती रोज घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंदही करू नका, एक दिवसाची गोळी तुम्ही हातात द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की दुसरा मानसिक आजार नसेल तर निव्वळ शोकासाठी बेन्झोडायझेपीन गटातली औषधं देऊ नयेत. झोपेच्या बऱ्याच गोळ्या याच गटातल्या असतात. सवय लागते आणि दुःख जिथल्या तिथे राहतं.

उपचार कधी लागतात, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. लांबलेल्या शोकाला आता निदान म्हणून मान्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) मृत्यूनंतर किमान ६ महिने, अमेरिकेतल्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी १२ महिने अशी मर्यादा आहे. कॅलेंडर बघून घाबरायचं नाही. रोजचं काहीच होत नसेल, जगण्यात अर्थच नाही असं सतत वाटत असेल, तर मदत घ्यायची. तो प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, दचकून जाग येत असेल, तर आघातावरचे उपचारही लागतात, ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचालींसोबत त्या आठवणीवर काम करायची पद्धत) किंवा आघातकेंद्री वर्तन उपचार. समुपदेशक निवडताना हिंसेत माणूस गमावलेल्या घरांबरोबर काम केलंय का, हे बेधडक विचारा.

रेवती

घटस्फोटाबद्दल: अशी जोडपी बहुतेक फुटतात हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं, पण त्याला आधार नाही. मूल गमावलेल्या पालकांच्या 'दी कम्पॅशनेट फ्रेंड्स' या संस्थेने २००६ मध्ये अमेरिकेत पाहणी केली, त्यात मूल गेल्यानंतर घटस्फोट झालेले १६ टक्के निघाले. ताईच्या दिराला हे सांगायला हरकत नाही.

या संस्थेची सुरुवातही जाणून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन मुलं गेली, तिथल्या तरुण धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की त्या दोन जोडप्यांना त्याच्यापेक्षा एकमेकांशी बोलून जास्त बरं वाटतंय. त्यातून १९६९ मध्ये संस्था उभी राहिली. आणि १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये शार्लट आणि रॉबर्ट हलिंगर या दांपत्याने, त्यांच्या मुलीचा खून झाल्यावर, फक्त खून झालेल्या मुलांच्या पालकांसाठी वेगळा गट काढला. आपल्यासारखंच ज्यांच्यावर गुदरलंय त्यांच्यासमोर सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

पाऊलवाट

जुईली, त्या प्रश्नाचं काय झालं? विचारलंस का ताईला?

जुईली

विचारलं. माझाच आवाज फुटत नव्हता. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "येतात. पण मुलगी आहे ना." मग खूप बोलली, पहिल्यांदाच. रात्री मी तिथेच राहिले. डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली होती, पण मी फोन करून सगळं सांगितल्यावर त्यांनी आजच बोलावलं. जाऊन आलो. गोळ्या माझ्याकडे आहेत, त्या कशा कमी करायच्या ते त्यांनी लिहून दिलंय.

भावोजी दवाखान्यात बाहेर बसले होते. परत येताना गाडीत त्यांनी आपणहून त्याची एक आठवण काढली, लहानपणी तो गाडीत मागच्या सीटवर उभा राहून त्यांचे कान धरायचा ती. ताई म्हणाली, "डावा कान." बस, एवढंच बोलणं झालं.

आभाळ, एक विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यात साक्षी सुरू होतील असं वकील म्हणतात. ताई म्हणते मी येणारच. नेऊ का?

आभाळ

तिला यायचं असेल तर अडवू नका. पण तयारीने न्या.

सरकारी वकिलांना आधी भेटा आणि थेट विचारा की कुठल्या तारखेला काय दाखवणार आहेत, फोटो कधी, मुद्देमाल कधी, डॉक्टरांची साक्ष कधी. खटला कुठवर आलाय हे कुटुंबाला सांगितलं गेलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या गुन्ह्यातल्या पीडितांबद्दलच्या १९८५ च्या जाहीरनाम्यातही आहे, त्यामुळे विचारताना संकोच करू नका. ताई किंवा भावोजी साक्षीदार असतील तर स्वतःची साक्ष होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी आत बसू देत नाहीत, हेही आधी विचारून घ्या, नाहीतर दारातून परत फिरावं लागतं.

आरोपीचे घरचे त्याच व्हरांड्यात उभे असतात. याची कल्पना ताईला आधी द्या. थांबायला वेगळी खोली मिळते का बघा. आत गेल्यावर दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसवा, म्हणजे उठून जायचं झालं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही. दोघींत एक खूण ठरवा, तिने हात दाबला की काही न विचारता बाहेर. बचावाचे वकील मुलाबद्दल वेडंवाकडं बोलतील, ते आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

आणि त्या दिवशी भाचीला शाळेतून कोण आणणार हे आधी ठरवा. तारीख कळली की इथे लिहा. आमच्याकडे तेव्हाची एक वही आहे, कुठल्या टप्प्याला कुणाला काय विचारायचं त्याची. ती टाईप करून ठेवतो.